डिकसळ : जिथे आगगाडी दहा महिने थांबली होती

१५ डिसेंबर १८५८. पुण्याहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग इंदापूर तालुक्यातील डिकसळ या भीमाकाठच्या गावापर्यंत खुला झाला आणि तिथेच संपला. पुढचा टप्पा, म्हणजे डिकसळ ते बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी), २३ ऑक्टोबर १८५९ रोजी सुरू झाला. मधले दहा महिने हे छोटे गाव घाटावरील रेल्वेचे अखेरचे टोक होते.

आज डिकसळला गाडी थांबत नाही. पुणे-सोलापूर मार्गावरील गाड्या जवळच्या भिगवणला थांबतात आणि थोड्या अंतरावरील नव्या पुलावरून भीमा ओलांडतात. जुना मार्ग रुळांविना उरला आहे. त्याचा काही भाग गावरस्ता झाला, काही शेतांच्या कडेने विरत गेला, तर बराचसा उजनी धरणाच्या पाण्याखाली गेला. उरलेल्या भागावरून चालत भीमेच्या जुन्या पुलापर्यंत जाता येते. गडकिल्ल्यांच्या वाटा तुडवणाऱ्यांना ही वाट अगदीच सोपी वाटेल. ना चढ, ना कातळ, ना घसारा.

या सोपेपणामागे एक साधे कारण आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा त्याची पकड फार कमी असते. बैलगाडीला जो चढ जाणवतही नाही, तो इंजिनाला जड जातो. बोरघाटात ३७ फुटांमागे १ फूट एवढा तीव्र चढ ठेवावा लागला, तर त्यासाठी वेगळी ताकदवान इंजिने लागली आणि तो घाट बांधायला सात वर्षे गेली. सपाटीवर मात्र अभियंत्यांनी जमिनीलाच शिस्त लावली. खोलगट जागी मातीचा भराव घातला, उंचवटा आला तिथे तो खोदून काढला, प्रत्येक ओढ्यावर दगडी मोरी बांधली. दीडशे वर्षांनंतरही जुना लोहमार्ग ओळखण्याची खूण हीच आहे. आजूबाजूची जमीन वरखाली होत राहते आणि वाट मात्र एका पातळीत, हळुवार वळणे घेत पुढे जाते. बैलगाडीची वाट कधीच अशी नसते; ती जमिनीचे ऐकते.

हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधला. मुंबई ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, ती याच कंपनीची. तिचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखाली मार्ग दोन दिशांनी वाढत होता : एक थळघाटातून उत्तरेकडे, दुसरा बोरघाटातून पुणे-सोलापूरकडे. दुसऱ्या मार्गाची गंमत अशी की तो सलग नव्हता. मुंबईहून आलेली गाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला थांबे. तिथून प्रवासी पालखीने, तट्टावर किंवा पायी घाट चढून खंडाळ्याला येत आणि पुन्हा गाडीत बसत. खंडाळा ते पुणे हा भाग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला आणि सहा महिन्यांत डिकसळही जोडले गेले. घाट पूर्ण होऊन मुंबईहून थेट गाडी यायला १८६३ साल उजाडले. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे घाटावरची ही रेल्वे एखाद्या बेटासारखी होती. तिच्यासाठी लागणारी अवजड सामग्री घाटरस्त्यानेच वर चढवावी लागत असे. वाफेचे इंजिन बैलांनी ओढत घाट चढतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणले की त्या काळातील जुन्या-नव्याची सरमिसळ नीट कळते.

डिकसळलाच गाडी का थांबली, याचे उत्तर गावातून चार पावले चालल्यावर मिळते. समोर भीमा आहे. दौंडपासून मार्ग भीमेच्या उजव्या तीराने येतो आणि इथे नदी ओलांडून आजच्या करमाळा तालुक्यात शिरतो. तिथून पुढे तो भीमा आणि सीना या दोन नद्यांमधल्या उंचवट्यावरून जेऊर, केम, कुर्डुवाडी असा जातो. तालुक्याचे ठाणे असलेले इंदापूर मात्र जुन्या पुणे-सोलापूर सडकेवर होते. रेल्वेने त्याला वळसा घातला आणि इंदापूर शहराला आजही रेल्वे स्थानक नाही. बार्शीची कापसाची पेठ महत्त्वाची होती, म्हणून कुर्डुवाडीच्या स्थानकाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. स्थानकांची नावे वाचली तरी कंपनीचे डोळे कशावर होते ते समजते.

भीमेवरच्या पुलाचे वर्ष म्हणून १८५५ हा आकडा बातम्यांतून आणि गावातल्या बोलण्यातून सर्रास ऐकू येतो. तो जसाच्या तसा स्वीकारणे कठीण आहे. पुण्याला रेल्वे १८५८ च्या जूनमध्ये आली, डिकसळला डिसेंबरमध्ये. पलीकडचा तीर जोडला गेला तो १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये. पुलावरून गाड्या धावू लागल्या त्या त्यानंतरच. १८५५ हे फार तर आखणीच्या किंवा सुरुवातीच्या कामाचे वर्ष असू शकेल. चार वर्षांचा हा फरक किरकोळ वाटेल. पण त्या चार वर्षांत १८५७ येऊन गेले आणि त्यानंतर रेल्वेकडे पाहण्याची सरकारची नजर बदलली. कापूस वाहणारी गाडी आता सैन्यही वाहणार होती.

१८७१ मध्ये हा मार्ग रायचूरला मद्रासकडून आलेल्या लोहमार्गाला मिळाला आणि मुंबई-मद्रास हे थेट रेल्वेने जोडले गेले. त्या दिवसापासून पुढे शंभराहून अधिक वर्षे या दोन महानगरांमधली या मार्गावरची प्रत्येक गाडी डिकसळच्या पुलावरून गेली. टपाल, पलटणी, पंढरीचे वारकरी, गिरणीत कामाला निघालेले तरुण आणि दुष्काळात घर सोडलेली कुटुंबे, सगळ्यांनी याच दगडी खांबांवरून भीमा पार केली.

इथपर्यंतची हकीकत रेल्वेच्या कोणत्याही इतिहासात सापडेल. डिकसळच्या वाटेवर चालताना आठवावी अशी दुसरी हकीकत महसुलाच्या दप्तरात आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही.

इंदापूर तालुक्याला महाराष्ट्राच्या जमीन महसुलाच्या इतिहासात वेगळेच स्थान आहे. पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांनी दख्खनमध्ये पहिली मोजणी केली ती प्रिंगल या अधिकाऱ्याच्या हाताखाली. कागदावर ती अतिशय शास्त्रशुद्ध होती. जमिनीवर ती कोसळली. आकारणी इतकी चढी होती की इंदापूरची शेते ओस पडू लागली आणि कुणबी निजामाच्या मुलखात निघून जाऊ लागले. ही दुर्दशा पाहून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये नवी मोजणी हाती घेतली आणि सारा खाली आणला. तो दर तीस वर्षांसाठी कायम केला गेला. मुंबई इलाख्यातील पुढच्या सगळ्या रयतवारी मोजणीचा नमुना इंदापुरातच घडला. सात-बारा हाती घेणाऱ्या आजच्या शेतकऱ्याच्या कागदामागे कुठेतरी हे इंदापूर आहे.

आता तारखा जुळवून पाहाव्यात. तीस वर्षांची मुदत १८६६ च्या सुमारास संपली. मधल्या काळात तालुक्यात रेल्वे आली होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोहमार्गाच्या कामावर रोख मजुरी मिळत होती. धान्याचे भाव चढले होते. सावकार शेतकऱ्याला हात सैल सोडून कर्ज देत होता, कारण तारण असलेल्या जमिनीची किंमत वाढली होती. फेरमोजणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी हे सारे पाहिले आणि असा निष्कर्ष काढला की रेल्वेमुळे बाजार जवळ आला आहे, भाव वाढले आहेत, तेव्हा जमीन अधिक सारा सोसू शकेल. १८६७ मध्ये फेरआकारणी झाली तीही सर्वप्रथम इंदापुरात, आणि सारा बराच वाढला.

निष्कर्ष तर्काला धरून होता, फक्त वेळ चुकली होती. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी थांबली आणि कापसाचे भाव कोसळले. रेल्वेचे काम पुढे सरकले, त्याबरोबर मजुरीही पुढे गेली. भाव उतरले, सारा मात्र चढलेल्या भावांच्या हिशेबाने ठरला होता. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुनी खती उकरून काढली.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी जमले. हे गाव आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. बाजाराच्या दिवशी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर जमाव चालून गेला. त्यांना हवी होती कर्जाची कागदपत्रे. जिथे कागद मुकाट्याने हाती दिले गेले तिथे माणसांना फारसा धक्का लागला नाही, हे या उठावाचे वैशिष्ट्य सगळ्याच अभ्यासकांनी नोंदवले आहे. दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा हा उद्रेक पाहता पाहता भीमथडी, इंदापूर, शिरूर आणि नगरकडच्या गावांत पसरला. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने कारणांची मीमांसा करताना कापसाची तेजी-मंदी, रेल्वेच्या कामावर ओतला गेलेला पैसा आणि वाढवलेला सारा या तिन्हींची दखल घेतली. शेतसाऱ्याच्या वाढीला मर्यादा घालणे सरकारलाही भाग पडले आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

एकट्या रेल्वेने हे सगळे घडवले असे म्हणणे अतिरेक होईल. सावकारी तिच्या आधीची, दुष्काळ त्याहून जुना. पण डिकसळपर्यंत रूळ आले नसते, तर इंदापूरच्या कोरडवाहू जमिनीची किंमत न्यूयॉर्क आणि मँचेस्टरच्या बातम्यांवर हेलकावली नसती. आज जी वाट इतकी सपाट लागते, तिने आजूबाजूच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात असा चढउतार आणला होता.

उठावाच्या पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळला. बाहेरचे धान्य याच मार्गाने आले, पण ते विकत घ्यायला हाती पैसा नव्हता. दुष्काळी कामे निघाली. दौंड-मनमाड लोहमार्ग आणि नीरा डावा कालवा ही दोन्ही कामे त्या काळातली. पैकी कालव्याने बारामती आणि इंदापूरचे नशीब खऱ्या अर्थाने बदलले. बाजरी-ज्वारीच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला, गूळ तयार होऊ लागला आणि तो पेठेपर्यंत नेण्यासाठी १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अडीच फुटी अरुंदमापी गाडी सुरू झाली. पुढे त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि त्यावरून आजही गाडी बारामतीला जाते. त्यामुळे बारामतीच्या छोट्या गाडीच्या आठवणी पुष्कळ असल्या तरी चालण्याजोगी सोडलेली वाट तिने मागे ठेवली नाही. ती डिकसळला उरली, त्याचे कारण पाणी.

भीमेवर माढा तालुक्यातील उजनी येथे धरण बांधले गेले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर हे नाव मिळाले. त्याची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, हा मृतसाठा. पाणी शंभराहून अधिक किलोमीटर मागे, थेट दौंडच्या दिशेने पसरले. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतील काळी, भीमाकाठची, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन बुडाली. इंदापूर तालुक्यातील पळसदेव पाण्यात गेले आणि गाव वर येऊन वसले; पळसनाथाचे प्राचीन मंदिर मात्र होते तिथेच राहिले. पाणी येणार हे दिसू लागल्यावर रेल्वेने आपला मार्ग उचलून नव्या आखणीवर नेला. भीमेच्या पलीकडे, करमाळ्याच्या बाजूला, पोमलवाडी हे जुन्या मार्गावरचे स्थानक होते. तेही त्याच्या गावाबरोबर जलाशयात गेले.

डिकसळचा पूल मात्र उंच होता. पाणी खांबांना वेढून उभे राहिले आणि वरचा माथा मोकळा राहिला. रेल्वेला तो आता नको होता. लोकांना मात्र तो पूर्वी कधी नव्हता इतका हवा होता. धरणाआधी उन्हाळ्यात भीमा ठिकठिकाणी पायी किंवा गाडीने ओलांडता येई. जलाशय झाल्यावर सगळे उतार बुडाले. समोरच्या तीरावरची सोयरीक, बाजार, शाळा, दवाखाना हे सारे काही किलोमीटर रुंद पाण्याच्या पलीकडे गेले. अशा वेळी रूळ काढून टाकलेला एक एकेरी पूल कोंढार चिंचोली, जिंती आणि करमाळ्याच्या पश्चिमेकडील गावांना भिगवण-बारामतीशी जोडणारा रस्ता बनला. त्यावरून ऊस गेला, दूध गेले, आजारी माणसे गेली. कापसासाठी आणि पलटणींसाठी बांधलेल्या पुलाचा दुसरा जन्म असा पूर्णपणे स्थानिक होता, आणि तो कोणत्याही आराखड्यात नव्हता.

आगगाडीची रुंदी सांभाळून बांधलेल्या पुलावर समोरासमोरून दोन वाहने जेमतेम निघतात. एकोणिसाव्या शतकातल्या चुन्याच्या दगडी बांधकामावर ऊस आणि वाळूने भरलेली वाहने चालत राहिली. अलीकडच्या वर्षांत पूल खचला, त्यावरची वाहतूक थांबवण्याची वेळ आली आणि शेजारी नवा पूल बांधण्यास मंजुरी मिळाली. जुना पूल बंद म्हणजे नेमके काय, हे नकाशात पाहिले तरी ध्यानात येते. नजरेसमोरचा तीर गाठायला मोठा वळसा पडतो. ज्यांना वळसा परवडत नाही ते होडीने जातात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. कुगाव-कळाशी ही जागा डिकसळपासून खाली, जिथे पूल मुळातच नाही अशा पात्रावर आहे. जलाशयाने दोन तालुक्यांत किती अंतर पाडले याचे ते मोजमाप होते.

म्हणून या वाटेवर जाणाऱ्याने जुना पूल तीरावरूनच पाहावा. खचलेल्या भागावर चढून छायाचित्र काढण्यात शौर्य नाही. चालायला सर्वांत योग्य काळ हिवाळ्याचा. तेव्हा डिकसळ आणि कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरलेले असतात आणि त्यांना पाहायला येणाऱ्यांची गर्दीही असते. यातल्या बहुतेकांची पाठ जुन्या भरावाकडे असते, हे थोडे गमतीचेच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला उन्हाळा अधिक काही दाखवतो. एप्रिल-मे महिन्यांत उजनीचे पाणी वजा पातळीत गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या की मृतसाठ्यालाही ओहोटी लागलेली असते. काठाचा गाळ उघडा पडतो आणि जुने बांध, विहिरींची तोंडे, घरांची जोती दिसू लागतात. पळसनाथाचे शिखर आणि मग सारे मंदिर वर येते. त्या दिवसांत विस्थापित कुटुंबांतील म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन येतात आणि गाळात बोट दाखवून आपले घर कुठे होते ते सांगतात.

भिगवण स्थानकाकडे परतताना डाव्या-उजव्या हाताला शेतांची उंची पाहत चालावे. वाट जिथे आजूबाजूच्या रानापेक्षा पुरुषभर उंच होते तो १८५८ चा भराव. त्याच्या पोटातील मोरीतून ओढ्याचे पाणी अजूनही वाहते, आणि वाकून आत पाहिले तर घडीव दगडांवर पाथरवटाच्या छिन्नीच्या तिरक्या रेघा दिसतात.